माळकरी काकू, ओमेगा-३ची बाटली आणि अर्धवट सांगितलेलं कारण

हे प्रकरण ठाण्यातल्या एका छोट्या दवाखान्यातलं आहे. मी तिथे आठवड्यातून तीन दिवस आहारतज्ज्ञ म्हणून बसते. काकूंची आणि घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत. रिपोर्टवरचे आकडे तेच ठेवले आहेत. मधुमेहात ओमेगा-३ घ्यावं का, हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. या एका घरात तो ज्या वाटेने गेला, ती वाट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यावर आमचीही एक चूक आहे.

पार्श्वभूमी

काकू ६१ वर्षांच्या. माहेर पंढरपूरजवळचं, लग्नानंतर कळव्यात. दोन्ही घरं वारकरी. गळ्यात तुळशीची माळ आहे, आणि मांस, मासे, अंडं यांतलं काहीही त्यांनी जन्मात तोंडाला लावलेलं नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, आषाढी घरी, कार्तिकीला आळंदी. मधुमेह १२ वर्षांचा. साखरेसाठी मेटफॉर्मिन सकाळ-संध्याकाळ १ ग्रॅम आणि सकाळी ग्लिमेपिराइड, कोलेस्टेरॉलसाठी रात्री अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन. आमच्याकडे त्या वर्षातून दोनदा यायच्या आणि साखर फार छान नसली तरी हाताबाहेर कधी गेलेली नव्हती.

फेब्रुवारीत त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत आरोग्य तपासणी शिबिर झालं. हाताच्या मुठीत धातूची दांडी धरायला दिली, ती वायरने लॅपटॉपला जोडलेली होती, आणि दोन मिनिटांत एक छापील कागद बाहेर आला. त्यावर तीसेक ओळी होत्या. एका ओळीला लाल रंग होता: ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस – जास्त’. शिबिरातल्या बाईंनी समजावलं की लोखंडाला गंज चढतो तसा शरीराला आतून गंज चढतोय, मधुमेहात तो जास्त चढतो, आणि पायाला ज्या मुंग्या येतात त्या याच गंजाच्या. मग दोन बाटल्या आल्या. एक ओमेगा-३ची, दुसरी क आणि ई जीवनसत्त्वाच्या अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची. महिन्याचा खर्च २,८५० रुपये. आईच्या पायाच्या मुंग्या जाव्यात म्हणून मुलाने एका शब्दानेही घासाघीस न करता पैसे भरले.

शिबिरातलं बोलणं सगळं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते पटलं. रक्तात साखर सतत जास्त राहिली की पेशीतल्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागावर, भार येतो आणि तिथून सुपरऑक्साइडसारखे आक्रमक रेणू जास्त प्रमाणात बाहेर पडतात. मायकेल ब्राउनली या अमेरिकी संशोधकाने २००१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ही साखळी एकत्र मांडली: डोळा, मूत्रपिंड, मज्जातंतू यांना मधुमेहात होणाऱ्या इजेच्या वेगवेगळ्या वाटा या एकाच ठिकाणाहून फुटत असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा गंजाची उपमा वाईट नाही. पण हा ताण मुठीत दांडी धरून मोजता येत नाही. प्रयोगशाळेत रक्तातलं किंवा लघवीतलं मॅलॉनडायअल्डिहाइड, आयसोप्रोस्टेन असे पदार्थ मोजतात. तेही मुख्यतः संशोधनासाठी. अमुक आकड्याच्या वर गेलं की तमुक औषध द्यायचं, अशी रेषा कुठल्याही वैद्यकीय मार्गदर्शक सूचनेत आखलेली नाही. ज्याला वरची-खालची रेषा नाही, त्यावर सुरू केलेली कॅप्सूल कधी बंद करायची हे सांगणार कोण?

समस्या

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकू सूनबाईंबरोबर आल्या. मुंग्या कमी झाल्या नव्हत्या, उलट रात्री तळपायांची आग होऊ लागली होती. पायाची संवेदना तपासायला डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, थरथरवून आधी मनगटावर टेकवला, मग उजव्या पायाच्या अंगठ्यावर. काकू म्हणाल्या, “हां, कळतंय.” डाव्या अंगठ्यावर टेकवला. काकू वाट बघत राहिल्या. “लावलं का?” त्यांनी विचारलं. फोर्क तेव्हा त्यांच्या अंगठ्यावरच होता.

तपासण्यांचे आकडे दोन दिवसांत आले. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१, उपाशीपोटी साखर १८६, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ३८८, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १४२. आणि बी-१२ जीवनसत्त्व होतं १४८ पिकोग्रॅम, म्हणजे स्पष्ट कमी. ते कमी पडलं तरी पायाला मुंग्या येतात.

गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली तेव्हा बाकीचं उलगडलं. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची पट्टी मार्चमध्ये संपली होती आणि पुन्हा आणलेलीच नव्हती. ओमेगा-३ कोलेस्टेरॉलवर काम करतं असं सांगितलं गेलं होतं, मग एकाच कामाला दोन औषधं कशाला? मेटफॉर्मिनची रात्रीची गोळीही अधूनमधून गळत होती, कारण जेवणानंतर मुठीत सहा गोळ्या बघून काकूंना घाबरायला व्हायचं, आणि कुठली वगळायची तर जुनी वगळायची, हा त्यांचा हिशेब. नवी, महाग, मुलाने हौसेने आणलेली कशी वगळणार?

मी ओमेगाची बाटली हातात घेतली. पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरांत ओमेगा-३ची दोन रूपं, ईपीए १८० आणि डीएचए १२०. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिलिग्रॅम, बाकीचं नुसतं तेल. काकू दिवसाला दोन घेत होत्या: ६०० मिलिग्रॅम. ट्रायग्लिसराइडवर नीट परिणाम दिसायला दिवसाला २ ते ४ ग्रॅम ईपीए-डीएचए लागतं. या बाटलीतून ते गाठायचं तर रोज ७ ते १४ कॅप्सूल घ्याव्या लागल्या असत्या.

बाटली गॅसच्या वरच्या फळीवर राहायची, मार्च ते जून, कळव्याच्या उकाड्यात. मी ट्रेमध्ये एक कॅप्सूल ब्लेडने चिरली. पिवळट थेंब ओघळला आणि खोलीभर वास सुटला: खवट, जुन्या रंगासारखा, आणि त्याखाली सुक्या मासळीच्या बाजाराचा वास. ईपीएमध्ये पाच दुहेरी बंध असतात, डीएचएमध्ये सहा. प्राणवायूला हे बंध फार आवडतात. उष्णता आणि उजेड मिळाला की तेल भराभर खवट होतं. म्हणूनच या तेलात बहुधा थोडं ई जीवनसत्त्व घालतात. गंज थांबवायला आणलेलं तेलच या बाटलीत गंजलं होतं, आणि हे मी काकूंना तिथल्या तिथे दाखवलं.

“म्हणून मला तसले ढेकर यायचे,” काकू म्हणाल्या. “मला वाटायचं ताक आंबलंय.”

त्याच क्षणी सूनबाईंनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि किमतीचं चिकटवलेलं लेबल नखाने उचललं. खाली चौकटीत तपकिरी त्रिकोण होता. मांसाहाराची खूण. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकूंनी जन्मात मासा चाखलेला नसल्यामुळे त्या वासाला नाव देणं त्यांना शक्यच नव्हतं. सूनबाई लग्नाआधी मासे खाणाऱ्या घरातल्या. त्यांना वास लगेच ओळखता आला होता.

काकू रक्तदाब मोजायला आत गेल्या तेव्हा सूनबाई माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, “मॅडम, आईंना सांगू नका. ह्यांनी आणलंय. आई ह्यांना काही बोलणार नाहीत, पण अन्न सोडतील.”

समोरचे पर्याय

वैद्यकीय बाजू त्या मानाने सोपी होती, पण तिच्यातही निवड होती. डॉक्टर आणि मी संध्याकाळी ओपीडी संपल्यावर बसलो.

पहिला पर्याय, ताजी बाटली आणून तेच चालू ठेवणं. नुकसान तर काही नाही ना, हा युक्तिवाद मी फार वेळा ऐकते. ब्रिटनमधली ‘असेंड’ चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेह आहे पण हृदयविकार झालेला नाही, अशा १५,४८० लोकांना सरासरी ७.४ वर्षं रोज १ ग्रॅम ओमेगा-३ची कॅप्सूल किंवा दिसायला तशीच ऑलिव्ह तेलाची कॅप्सूल दिली. हृदय-मेंदूच्या गंभीर घटना पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात ९.२ टक्के. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा नव्हता. काकू बरोबर याच गटात मोडतात, आणि त्यांचा डोस त्या चाचणीतल्यापेक्षाही कमी होता. साखरेचं म्हणाल तर कोक्रेन या संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात २३ चाचण्यांत ट्रायग्लिसराइड उतरलं, एलडीएल किंचित वाढलं आणि एचबीए१सी जागचा हलला नाही. २०१९ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात ८३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. साखरेवर ओमेगा-३चा परिणाम नगण्य किंवा शून्य, हाच निष्कर्ष. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचे मापदंड काही छोट्या अभ्यासांत उतरलेले दिसतात, काहींत नाही. उतरले तरी त्यातून पाय, डोळे किंवा मूत्रपिंड वाचलं, असं ठामपणे दाखवणारी मोठी चाचणी नाही.

आणि नुकसान होतच होतं. स्टॅटिन गेली, मेटफॉर्मिन गळलं, आणि मुंग्यांना ‘गंज’ हे कारण मिळाल्यामुळे चार महिने कुणी बी-१२ बघितलं नाही.

दुसरा पर्याय मोठ्या डोसचा. ‘रिड्यूस-इट’ चाचणीत स्टॅटिन चालू असलेल्या ८,१७९ लोकांना शुद्ध ईपीएचं औषध रोज ४ ग्रॅम दिलं आणि हृदयाच्या घटना सुमारे एक चतुर्थांशाने घटल्या. त्यात निम्म्याहून जास्त लोक मधुमेही होते. हा आकडा डोळेझाक करण्यासारखा नाही. पण ईपीए-डीएचए मिश्रणाच्या तेवढ्याच डोसच्या ‘स्ट्रेंथ’ चाचणीत १३,०७८ लोकांत २०२० मध्ये काहीच फायदा निघाला नाही. पहिल्या चाचणीत तुलनेसाठी खनिज तेल वापरलं होतं, त्यानेच दुसऱ्या गटाचं नुकसान केलं का, हा वाद अजून मिटलेला नाही. दोन्हीकडे हृदयाची लय बिघडण्याचं प्रमाण मात्र थोडं वाढलं. डॉक्टरांचं मत स्पष्ट होतं: ट्रायग्लिसराइड ५०० च्या खाली आहे, स्वादुपिंडाला सूज येण्याची तातडीची भीती नाही, साखर ९.१ वर असताना ते वाढणारच, तर आधी साखर आणि स्टॅटिन जागेवर आणू. मला ते पटलं. शिवाय तेही औषध माशाच्याच तेलापासून बनतं.

तिसरा पर्याय शेवाळापासून काढलेल्या तेलाचा. मासे स्वतः ओमेगा-३ शेवाळाकडूनच मिळवतात, त्यामुळे शाकाहारी माणसाला डीएचए हवंच असेल तर हा रस्ता सरळ आहे. पण काकूंना ते कशासाठी द्यायचं, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. कारण नसलेली बाटली शाकाहारी असली तरी ती कारण नसलेलीच.

चौथा: पूरक गोळ्या सगळ्या थांबवायच्या, जुनी औषधं पुन्हा घट्ट बसवायची, बी-१२ भरून काढायचं आणि ओमेगा जेवणातून, जवस-अक्रोडातून, जेवढं येईल तेवढं. आम्ही हा निवडला.

दुसऱ्या बाटलीतलं ई जीवनसत्त्वही थांबवलं. २००० सालच्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजारांवर लोकांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व देऊन हृदयासाठी काहीही हाती लागलं नव्हतं, आणि त्याच लोकांना पुढे आणखी काही वर्षं पाहिल्यावर हृदय निकामी होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. ऑक्सिडेशन वाईट म्हणून अँटिऑक्सिडंट चांगलं, हे गणित कागदावर जुळतं, माणसांत जुळलेलं नाही.

राहिला तो तपकिरी त्रिकोण. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हा घरचा विषय आहे, घरच्यांना थोडा वेळ द्यावा, त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं. माझं मन दोन्हीकडे ओढत होतं. सूनबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर होता. शेवटी मीही म्हटलं, कॅप्सूल तर थांबतेच आहे, मग आजच्या आज सांगण्याची घाई कशाला.

काय केलं

काकूंना सांगितलं की तेल खवट झालंय, ही बाटली टाकून द्या. हे खरं होतं. पण कारण तेवढंच नव्हतं.

बी-१२ साठी डॉक्टरांनी सुरुवातीला इंजेक्शनं दिली, नंतर रोजची गोळी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं हे नीट माहीत असलेलं आहे, आणि अंडं-मासे न खाणाऱ्या माणसात आधीच साठा बेताचा. काकूंची दोन्ही कारणं एकत्र आली होती. मेटफॉर्मिन बंद केलं नाही. तसं करायची गरज नसते. स्टॅटिन पुन्हा सुरू झाली. गोळ्यांसाठी सकाळ-संध्याकाळचे खण असलेला डबा आणला आणि मुठीतल्या सहा तीनवर आल्या.

जेवणाचं बोलणं सुरू झाल्यावर मी जवसाचं नाव काढलं तर काकूंचा चेहरा उजळला. माहेरी जवस आणि कारळ्याची चटणी भाकरीबरोबर रोज असायची. ठाण्यात आल्यावर ती कधी सुटली ते त्यांनाही आठवेना. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, तेही ओमेगा-३च. शरीर त्यातलं फार थोडं ईपीएमध्ये बदलतं आणि डीएचएमध्ये तर त्याहून कमी, हे मी त्यांना लपवलं नाही. चटणी म्हणजे कॅप्सूलची बदली नव्हे. पण दोन चमचे जवसात भरपूर चोथा आहे, भाकरीबरोबर ती गेली की भात आपोआप कमी होतो, आणि ती त्यांच्या ताटातली आहे. सूचना एवढ्याच: मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, काळे होऊ देऊ नका, वाटूनच खा, कारण अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात, आठवड्यापुरतंच वाटा आणि डबा फ्रिजमध्ये ठेवा. इथेही तेच दुहेरी बंध आहेत, खवटपणाचा नियम तोच.

एकादशीला वेगळा वेळ दिला. त्या दिवशी सकाळी ग्लिमेपिराइड घेऊन काकू दुपारी एकपर्यंत नुसत्या चहावर असायच्या, आणि मग साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी. म्हणजे सकाळी साखर धोक्याच्या पातळीवर उतरायची शक्यता आणि दुपारी ३०० च्या आसपास उसळी. डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाची गोळी बदलून दिली. मी साबुदाण्याऐवजी थोडा वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, वाटीभर दही आणि सकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे असं ताट बसवलं. उपास सोडा असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नव्हते.

जिथे चुकलं

पाच आठवड्यांनी, जुलैच्या अखेरीस, काकू आल्या. मुंग्या थोड्या कमी होत्या. गोळ्यांच्या डब्याशेजारी त्यांनी पर्समधून एक बाटली काढून ठेवली. ओमेगा-३ची. नवी.

“जुनं तेल खवट झालं म्हणालात ना, म्हणून मुलाने ताजी मागवली. आता फ्रिजमध्ये ठेवते मी, तुम्ही सांगितल्यासारखी.”

तेल खवट झालं म्हणून टाका, असं सांगितल्यावर ताजं आणायचं, याच्यापेक्षा सरळ अर्थ कुठला निघतो? आम्हीच तो अर्थ त्यांच्या हातात दिला होता. सूनबाई महिनाभर माहेरी होत्या, वडिलांच्या आजारपणात. मुलाशी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं, पण ‘नंतर सांगू’ यावर थांबलं होतं, आणि दरम्यान नवी बाटली त्याने आधीच मागवलेली होती. मधे आषाढी होऊन गेली होती.

आता थांबण्यात अर्थ नव्हता. मी डॉक्टरांनाही बोलावलं, दार लावलं आणि सांगितलं: “काकू, हे माशाचं तेल आहे. कॅप्सूलचं कवचही जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं. तुमच्या मुलाला हे माहीत नव्हतं, त्याने मागची खूण बघितली नव्हती.”

काकूंचा हात माळेकडे गेला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “एकादशीलाही घेतली मी.” आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे बघून, “तुम्हाला पहिल्या दिवशी माहीत होतं?”

मी हो म्हटलं. त्या उठल्या, आमच्या दोघांना नमस्कार केला आणि गेल्या. पुढची तारीख त्यांनी चुकवली.

या प्रकरणातली ही एक गोष्ट मी पुन्हा कधीही तशी करणार नाही. कुणाच्या पोटात काय गेलं हे त्या माणसाला कळणं हा त्याचा हक्क आहे. मुलाची अडचण, सुनेची विनवणी, आमची सोय, हे सगळं त्यानंतर. डॉक्टर आणि मी दोघांनीही बातमी पोचवण्याची जबाबदारी ज्या माणसांना ती सांगणं सगळ्यात अवघड होतं, त्यांच्यावरच टाकली. जूनमध्ये सांगितलं असतं तर दुःख तेव्हाही झालं असतं, पण ‘तुम्हाला माहीत होतं?’ हा प्रश्न आला नसता. आणि दुसरी बाटलीही आली नसती.

आणखी एक. नेहमीच्या नोंदवहीत आम्ही औषधं विचारतो, पूरक गोळ्या वेगळ्या विचारत नव्हतो. फेब्रुवारी ते जून मधे काकू एकदा सर्दीसाठी दवाखान्यात येऊन गेल्या होत्या, तेव्हा कुणी पिशवी उघडायला सांगितली असती तर स्टॅटिन बंद झाल्याचं बरंच आधी कळलं असतं. बी-१२ सुद्धा मेटफॉर्मिनच्या बाराव्या वर्षी, मुंग्या येईपर्यंत वाट बघून तपासणं हा उशीरच. आता आमच्या नोंदीच्या कागदावर पूरक गोळ्यांसाठी चार रकाने आहेत: काय, कशासाठी, कुठल्या तपासणीवरून फरक कळणार, आणि कधी थांबवायचं. बहुतेकांचे शेवटचे दोन रकाने रिकामे राहतात, आणि बहुतेक वेळा बोलणं तिथूनच सुरू होतं.

पुढे काय झालं

काकू सप्टेंबरच्या अखेरीस स्वतःहून आल्या, एकट्या, शेअर रिक्षाने. दिंडीतल्या महाराजांना त्यांनी विचारलं होतं. अजाणता घडलं त्याचा दोष नाही, पुढे जाणून करू नका, असं ते म्हणाले. काकूंनी माळ पुन्हा घालून घेतली. मुलावर त्या रागावल्या नव्हत्या. “त्याने माझ्या पायासाठी केलं. पण मला विचारायचं होतं की,” एवढंच.

त्या दिवशी त्यांनी डबा उघडून एकेक पट्टी टेबलावर ठेवली आणि प्रत्येकीचं विचारलं: हे कशाचं, कवच कशाचं, किती दिवस? बी-१२ची कॅप्सूल जिलेटिनची निघाली, ती बदलून साधी गोळी दिली. ड जीवनसत्त्वाच्या पुडीचं विचारल्यावर मी सांगितलं की ते बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात, मेंढी मारावी लागत नाही. त्यांनी थोडा विचार केला. “लोकर चालते. घोंगडी पांघरतोच की आम्ही.”

ऑक्टोबरचे आकडे असे: एचबीए१सी ७.६, ट्रायग्लिसराइड २०४, एलडीएल ८४, बी-१२ ४६०. एकही ओमेगाची कॅप्सूल न घेता ट्रायग्लिसराइड जवळपास निम्म्यावर आलं. साखर उतरली आणि स्टॅटिन परत आली, की असं होताना आम्ही पुष्कळदा बघतो. यातला किती वाटा जवसाचा हे मला सांगता येणार नाही, आणि काकूंनी विचारल्यावर मी त्यांना तसंच सांगितलं.

“मग तो स्ट्रेस गेला का?” त्यांनी फेब्रुवारीचा तो छापील कागद अजून जपून ठेवला होता. मी म्हटलं, साखर जेवढी खाली तेवढा तो ताण कमी, हे नक्की. पण तो या कागदावर कधी मोजलाच गेला नव्हता. त्यांनी कागद परत मागितला नाही.

सोसायटीत तसं शिबिर पुन्हा ठरलं तेव्हा सूनबाईंनी कमिटीकडे आक्षेप घेतला आणि ते रद्द झालं. मुलगा आता काहीही मागवण्याआधी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवतो. गेल्या महिन्यात दोन आले. रात्रीची आग थांबली आहे, उजव्या पायाच्या मुंग्या जवळजवळ गेल्या आहेत. डावा अंगठा मात्र अजून बधिर आहे. बी-१२ कमी राहिल्यामुळे तो बधिर झाला की वाढलेल्या साखरेमुळे, हे आता वेगळं काढता येत नाही. काकू रोज रात्री आरसा ठेवून दोन्ही तळवे बघतात, अनवाणी मंदिरात जाणं त्यांनी सोडलं आहे, पातळ मोजे घालून जातात. मार्चमध्ये पुन्हा बी-१२ आणि ट्यूनिंग फोर्क.